कॅसिनोचा पैसा आणि पोरांवरचं लक्ष: चेरोकी गावचं प्रकरण

१९९३ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या जेन कॉस्टेलो आणि एड्रियन अँगोल्ड यांनी नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिम टोकाला, स्मोकी डोंगररांगांत, मुलांच्या मानसिक आरोग्याची एक पाहणी सुरू केली. ११ काउंट्या, १,४२० मुलं, वयं ९, ११ आणि १३. हेतू सरळ होता: खेड्यापाड्यांतल्या किती मुलांना मानसिक त्रास असतो आणि त्यांतल्या कितींपर्यंत उपचार पोचतात, हे मोजायचं. दरवर्षी त्याच मुलांकडे जायचं आणि तेच प्रश्न विचारायचे. घरात पैसा आला तर मुलांचं काय होतं, हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

चार वर्षांनी त्यांच्या पाहणीच्या मुलखात मधोमध एक कॅसिनो उघडला.

कॅसिनो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या, रात्रभर झगमगणाऱ्या बोटी येतात. त्या दिव्यांच्या आसपास ‘मुलांचं भलं’ हे शब्द काही सुचत नाहीत. हे प्रकरण पहिल्यांदा वाचायला घेतलं तेव्हा मीही नासाडीच्याच कहाणीची तयारी ठेवली होती. शाळेत समुपदेशक म्हणून काम करताना मुलांच्या वागण्याची कारणं शोधणं हा माझा रोजचा धंदा, आणि त्या शोधात मी ज्या गोष्टीकडे वर्षानुवर्षं काणाडोळा केला होता तीच या कहाणीत मधोमध उभी होती.

आधी गाव

गावाचं नावच चेरोकी. ओकोनालफ्टी नदीच्या काठी, ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी. चेरोकी ही अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक जमात. १८३८ मध्ये अमेरिकन सरकारने तिला सैन्याच्या पहाऱ्यात घरांतून उठवलं आणि पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमाकडे हाकललं. वाटेत हजारो माणसं मेली. जे थोडे लोक डोंगरांत मागे राहिले त्यांचे वंशज म्हणजे ‘ईस्टर्न बँड’. त्यांच्या जमिनीला क्वाला बाउंडरी म्हणतात.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला या गावाचं पोट पर्यटकांवर होतं. उन्हाळ्यात उद्यानाकडे जाणाऱ्या मोटारींची रांग लागे. रस्त्याच्या कडेला पिसांचा भला मोठा मुकुट घातलेला एक ‘चीफ’ उभा असे आणि पर्यटक पैसे देऊन त्याच्याबरोबर फोटो काढत. तो मुकुट मुळात चेरोकींचा नव्हेच, दूरच्या मैदानी प्रदेशातल्या जमातींचा. पण गिऱ्हाइकाला सिनेमात पाहिलेला ‘रेड इंडियन’ हवा असे, म्हणून पोटासाठी हे लोक दुसऱ्याचं शिरोभूषण डोक्यावर चढवून उन्हात उभे राहत. थंडी पडली की गिऱ्हाईक संपे आणि त्याबरोबर कामही.

१९८८ च्या एका केंद्रीय कायद्याने अशा जमातींना आपल्या जमिनीवर जुगाराचा धंदा चालवायची चौकट आखून दिली होती. तिच्या आधारे १३ नोव्हेंबर १९९७ ला चेरोकीत मोठा कॅसिनो सुरू झाला. गंमत म्हणजे तिथे दारू मिळत नसे. जमातीच्या हद्दीत दारूविक्रीला बंदी होती आणि कॅसिनोपुरती ती उठली ती २००९ च्या मतदानानंतर.

नफ्याचे दोन भाग झाले. निम्मा जमातीच्या सरकारकडे, निम्मा प्रत्येक सदस्याला सारखा. वाटप वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. कॅसिनोच्या आधीही जमातीचा छोटा जुगार चालत होता, त्यामुळे वाटप १९९६ मध्येच सुरू झालं होतं. तेव्हा रक्कम काहीशे डॉलरांची होती. २००१ पर्यंत ती माणशी वर्षाला ६,००० डॉलरांच्या घरात गेली. अट एकच, जमातीचं सदस्यत्व. नोकरी आहे का, उत्पन्न किती, मूल शाळेत जातं का, लस टोचली का, कुणी काही विचारत नव्हतं. लहान मुलांचा वाटा मात्र ठेव म्हणून बाजूला पडे आणि बारावी झालेल्याला १८ व्या वर्षी, न झालेल्याला २१ व्या वर्षी मिळे.

पाहणीतल्या १,४२० मुलांपैकी ३५० मुलं या जमातीची होती. बाकीची बहुतेक गोरी, त्याच डोंगरांतली, पुष्कळशी तितकीच गरीब. त्यांच्या घरी कॅसिनोचा छदामही येणार नव्हता.

अशी मांडणी कुठल्याही संशोधकाला ठरवून जमली नसती. गरिबी आणि बिघडलेलं वागणं यांतलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हा मानसशास्त्रातला जुना वाद आहे. एक बाजू म्हणते, गरिबी माणसाला बिघडवते. दुसरी म्हणते, ज्यांचं आधीच बिघडलेलं असतं तीच माणसं घसरत गरिबीत जातात आणि त्यांची पोरंही तशीच निपजतात. एखादं घर कष्ट करून वर आलं तर त्याने वाद सुटत नाही, कारण त्या माणसांची चिकाटीच मुलांत उतरली असं म्हणता येतं. चेरोकीत कुणी चिकाटी दाखवून वर आलेलं नव्हतं. जून आला आणि पैसे आले.

दोन खोल्यांतले प्रश्न

या पाहणीत मोजायचे ते कसं, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. मुलाची मुलाखत वेगळी, पालकाची वेगळी. प्रश्न गेल्या तीन महिन्यांपुरते. मूल स्वभावाने कसं आहे, असं मोघम विचारायचं नाही. काय घडलं ते विचारायचं. खोटं बोलला का, चोरी केली का, मारामारी, मुद्दाम तोडफोड, शाळा बुडवणं. मोठ्यांशी हुज्जत, सांगितलेलं न ऐकणं, रागाचा भडका. मग किती वेळा, कुठे, कुणाशी. याच बैठकीत काळजी, भीती, उदासी, झोप यांचीही चौकशी. जे सापडे त्याची लक्षणं म्हणून मोजदाद होई.

शाळेतल्या माझ्या नोंदवहीशी मी हे ताडून पाहिलं आणि ओशाळले. माझ्या नोंदींत ‘उद्धट’, ‘लक्ष नाही’, ‘घरचं वातावरण बरं नाही’ असे शेरे जागोजागी आहेत. तीन महिन्यांत किती वेळा, असा एकही आकडा नाही.

आकडे काय सांगतात

कॉस्टेलो आणि सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. जमातीच्या कुटुंबांपैकी १४ टक्के या पैशामुळे दारिद्र्यरेषेच्या वर आली. ५३ टक्के पैसे मिळूनही रेषेखालीच राहिली. ३२ टक्के आधीपासूनच रेषेच्या वर होती.

कॅसिनोच्या आधी, कायम गरीब राहिलेल्या घरांतल्या मुलांमागे सरासरी ४.३८ लक्षणं सापडत होती आणि पुढे गरिबीतून बाहेर पडलेल्या घरांतल्या मुलांमागे ४.२८. म्हणजे दोन्ही गटांत फरक नव्हताच. कधीच गरीब नसलेल्या घरांत हा आकडा २.७५ होता. कॅसिनोनंतरच्या चार वर्षांत, गरिबीतून बाहेर पडलेल्यांची मुलं खाली येत येत कधीच गरीब नसलेल्यांच्या पातळीवर पोचली. कायम गरिबांची जिथल्या तिथे राहिली.

शेजारच्या गोऱ्या कुटुंबांपैकी जी त्याच काळात आपापल्या वाटेने गरिबीतून वर आली, त्यांच्या मुलांतही असाच बदल दिसला. तेव्हा चेरोकींच्या संस्कृतीत काही विशेष होतं म्हणून हे झालं, असं म्हणायची सोय राहिली नाही.

उतार पडला तो वागण्यातल्या लक्षणांत: मारामाऱ्या, चोऱ्या, हुज्जत, आडमुठेपणा. चिंता आणि उदासीच्या लक्षणांना त्या वर्षांत पैशाने हातही लावला नाही. दुसऱ्याला दिसणारा त्रास कमी झाला, आतला तसाच राहिला. शाळेत आमच्याकडे धाडली जातात ती मुलं बहुतेक पहिल्या प्रकारची असतात. मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलीला समुपदेशनाला पाठवा, असं वर्गशिक्षक क्वचितच सांगतात.

मधला दुवा

पैसा आईबापांच्या खात्यात येतो. तो पोराच्या मारामाऱ्यांपर्यंत पोचतो कसा?

संशोधकांनी मधले बरेच दुवे तपासून पाहिले. त्यांतला एकच ठळक निघाला, आणि परिणामाचा सुमारे ७७ टक्के भाग त्या एकट्याने उलगडला. तो म्हणजे मुलावरचं लक्ष. पोर कुठे आहे, कुणाबरोबर आहे, काय करतंय याची घरातल्या मोठ्या माणसाला खबर असणं. गरिबीतून बाहेर आलेल्या घरांत आईबापांवरची वेळेची ओढाताण कमी झाली, आणि वेळ झाला तसं लक्ष वाढलं.



मला इथे थांबावं लागलं. त्याला कारण एक पालकसभा.

सातवीतला मुलगा. मारामारीची तिसरी तक्रार होती म्हणून आईला बोलावलं होतं. ती आली ती हातात मोबाइल धरूनच, आणि दर दोन मिनिटांनी त्याच्याकडे बघत होती. मी आमच्या ठरलेल्या चालीवर सुरू झाले: ताई, तुम्ही याच्याकडे लक्ष द्यायला हवं, शाळा सुटल्यावर कुठे जातो, कुणाबरोबर असतो, बघायला हवं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, “मॅडम, लक्ष द्यायला मी घरात तर असायला पाहिजे ना. सकाळी सहाला निघते, पाच घरचं करते, मग पोळ्यांना जाते. तो सुटतो साडेबाराला, मी येते आठला.” तेवढ्यात फोन थरथरला. दहाच्या घरची बाई होती. तिने फोन कानाला लावून, “आलेच वहिनी, शाळेत आहे,” एवढंच म्हटलं आणि माझ्याकडे पाहून उठू का असं खुणेनंच विचारलं.

मी उठा म्हटलं. वहीत शेरा लिहिला: ‘पालकांचे दुर्लक्ष’.

चेरोकीतली आकडेवारी त्या शेऱ्याबद्दल काय म्हणते ते मला पुष्कळ उशिरा कळलं. लक्ष देणं हा आपण आईबापांचा गुण समजतो. आहे त्याला आहे, नाही त्याला नाही. पण त्या डोंगरांत माणसं तीच होती, गुण तेच होते. वर्षाला काही हजार डॉलर आले आणि तीच माणसं मुलांवर लक्ष ठेवायला लागली.

पैसे आल्यावर लोक काम सोडून घरी बसले असतील, ही शंका कुणालाही येईल. अर्थतज्ज्ञ रँडल अकी यांनी कॉस्टेलो आणि इतरांबरोबर हीच माहिती पुन्हा चाळली. आईबापांचं नोकरी करण्याचं प्रमाण घटल्याचं त्यांना दिसलं नाही. मग वेळ आला कुठून? माझा अंदाज सांगते, तो माझाच समजावा: कामाचे तास तेवढेच राहूनही त्याभोवतीची धावपळ कमी होऊ शकते. बिघडलेली गाडी दुरुस्त होते. दुसरं किरकोळ काम पत्करायची गरज उरत नाही. डिसेंबरचे पैसे तर ऐन बेकारीच्या हंगामात हातात पडत. आणि पैशावरून होणारं भांडण टळलं तर आठ वाजता घरी आलेली आईही पोराला विचारू शकते, आज कुठे होतास. याच माहितीवरच्या पुढच्या अभ्यासात आईबापांचे आपसातले आणि मुलांशी असलेले संबंध सुधारल्याचं दिसलंही.

अकींच्या २०१० च्या निबंधानुसार सर्वांत गरीब घरांत वर्षाला ४,००० डॉलर जास्त आले तर मुलाचं शिक्षण २१ व्या वर्षापर्यंत सुमारे एक वर्षाने वाढलं, आणि १६-१७ व्या वर्षी किरकोळ गुन्हा घडण्याची शक्यता २२ टक्क्यांनी उतरली. २०१८ मध्ये त्यांनी स्वभावाकडे पाहिलं. काम नेटाने करण्याची वृत्ती आणि इतरांशी जुळवून घेणं हे दोन्ही वाढलं होतं, आणि ज्या मुलांत ते मुळात सर्वांत कमी होतं त्यांच्यात सर्वांत जास्त. ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणणाऱ्या आपल्या माणसांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

वयाचाही हिशेब आहे. पैसे सुरू झाले तेव्हा मुलांचे तीन थर होते: साधारण १२, १४ आणि १६ वर्षांचे. सर्वांत धाकट्यांना आईबापांच्या सुधारलेल्या दिवसांचा सहवास सर्वांत जास्त वर्षं मिळाला. १९ व्या आणि २१ व्या वर्षी दारू आणि गांजाच्या व्यसनाचं प्रमाण त्यांच्यात थोरल्यांपेक्षा कमी निघालं. सोळाव्या वर्षी घरात पैसा आला तोवर पोर घराबाहेरचं झालेलं होतं.

जे जुळत नाही

प्रकरण इतकं गोड असतं तर मी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता.

पैसे ज्या महिन्यांत वाटले जात त्या महिन्यांत जमातीत अपघाती मृत्यू वाढत, हे दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं. एकदम हातात आलेली रक्कम, त्यावर प्रवास, दारू. आणखी एका अभ्यासात, सुरुवातीला सर्वांत गरीब असलेल्या घरांतल्या मुलांचं वजन पैसे आल्यावर उलट वाढलं. आणि १८ व्या वर्षी एकरकमी मिळणाऱ्या ठेवीचं काय होई ते वेगळं सांगायला नको. नवी मोटार दारात यायची आणि वर्षा-दोन वर्षांत पैसे संपलेले असायचे. जमातीने पुढे ही रक्कम हप्त्यांनी द्यायचं ठरवलं.

ते ५३ टक्केही विसरता येत नाहीत. पैसे त्यांनाही मिळाले होते. वाटा मोठ्या माणसामागे येतो आणि मुलांचा ठेवीत जातो. मग एकट्या आईच्या घरात एकच वाटा येतो आणि खाणारी तोंडं मात्र तेवढीच. थोड्या पैशाने थोडी ओढाताण कमी होते आणि तेवढंच लक्ष वाढतं, असं सरळ गणित इथे दिसत नाही. एखादी पायरी ओलांडावी लागते, असं मला वाटतं.

हेच अमेरिकेत मुद्दाम करून पाहिलं तेव्हाचा निकालही समोर ठेवायला हवा. २०१८-१९ मध्ये चार शहरी भागांतल्या १,००० गरीब मातांना बाळंतपणानंतर दरमहा पैसे सुरू केले, चिठ्ठ्या टाकून काहींना ३३३ डॉलर, काहींना २० डॉलर. मुलं चार वर्षांची झाली तेव्हा भाषेत, वागण्यात, विकासात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मधे कोविड येऊन गेला, सरकारने सगळ्यांनाच पैसे वाटले, महागाई वाढली. कारणं पुष्कळ देता येतात. पण मला मुख्य फरक वेगळा वाटतो. चेरोकीत पैसा जमातीतल्या प्रत्येकाला मिळाला, वर्षागणिक वाढत गेला, आणि तो बंद होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिवाय उरलेल्या निम्म्या नफ्यातून जमातीचं सरकार गावासाठी खर्च करत होतं, त्याचा वाटा या आकड्यांतून वेगळा काढता येत नाही. तिथे मोजली गेली ती मोठी मुलं, ज्यांना उंबऱ्याबाहेर मारामारी करायला जाता येतं. चार वर्षांचं मूल तसंही आईच्या नजरेआडच नसतं.

महाराष्ट्रात हे वाचणाऱ्याच्या मनात ‘लाडकी बहीण’ येणारच. जुलै २०२४ पासून २१ ते ६५ वयाच्या पात्र बायकांना महिना १,५०० रुपये. पोराच्या वागण्यावर त्याचा परिणाम होईल का, असं मला एका शिक्षकांनी चहा पिताना विचारलं. मी त्या पोळ्या लाटणाऱ्या ताईंचा हिशेब डोक्यात मांडून पाहिला. १,५०० मध्ये तिचं एखादं घर सुटेल. म्हणजे दिवसाचा एक तास. तो तास ती साडेबाराला घरी येण्यासाठी वापरू शकेल का, हे दहाच्या घरच्या वहिनींवर अवलंबून आहे. आणि दिवाळीनंतर कोयता खांद्यावर टाकून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याने आधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. त्यांचं पोर गावी आजीपाशी तरी राहतं नाहीतर फडावर तरी जातं. तिथे लक्ष कुणी द्यायचं, हा प्रश्न १,५०० रुपयांच्या बाहेरचा आहे.

त्या मुलाची वही मी पुन्हा काढली. ‘पालकांचे दुर्लक्ष’ खोडलं आणि लिहिलं: साडेबारा ते आठ घरात मोठं माणूस नाही. मग शाळेशी बोलून त्याला आणि आणखी सहा जणांना दुपारी चारपर्यंत वाचनालयात बसवायची सोय केली. शिपाईमामा तिथेच असतात आणि त्यांना सगळ्यांची नावं पाठ आहेत. चार ते आठ अजून मोकळेच आहेत.

चेरोकीच्या मुलांचा माग संशोधकांनी सोडला नाही. ती तिशीत पोचली तेव्हा विल्यम कोपलँड आणि सहकाऱ्यांनी पुन्हा मोजमाप केलं आणि २०२२ मध्ये ते छापून आलं. ज्यांच्या घरी लहानपणी हे पैसे आले होते त्यांची तब्येत बरी होती आणि पैशाची घडी बरी बसली होती. आणि त्यांच्यात चिंतेची आणि उदासीची लक्षणं कमी होती. तेराव्या-चौदाव्या वर्षी ज्या चिंतेला आणि उदासीला पैशाने हात लावला नव्हता, तीच.